मिडवाइफची सोबत कशी मिळवायची: दिवस राहिल्यापासून सव्वा महिन्यापर्यंत

प्रसूतीच्या खोलीत बाईच्या उशाशी उभी राहणारी, बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकणारी, ‘आता जरा कुशीवर वळ बघू’ म्हणणारी जी असते, तिला आपण सिस्टर म्हणून हाक मारतो. ती प्रसूतीशास्त्र शिकून, परीक्षा देऊन, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवून तिथे आलेली असते, हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या पदविकेतला शेवटचा ‘एम’ मिडवाइफरीचाच, म्हणजे बाळंतपण सांभाळायच्या विद्येचा. म्हणजे मिडवाइफ आपल्याकडे आहे. पण तिची सेवा तुकड्यातुकड्यांनी मिळते: तपासणीला एक, कळा सुरू झाल्यावर दुसरी, घरी आल्यावर तिसरी. हे तुकडे जोडून घ्यायचं काम सध्या तरी बाईला आणि तिच्या घरच्यांनाच करावं लागतं. ते कळा सुरू झाल्यावर जमत नाही. सातव्या महिन्यापर्यंत उरकलेलं असेल तर सहज जमतं.

आधी माणसं ओळखा

गावात पूर्वी बाळंतपणं करणारी सुईण अनुभवाने शिकलेली असायची. तिच्या हाताला सफाई होती, पण रक्तस्राव थांबवायचं औषध नव्हतं आणि अडलेली बाळंतीण पुढे पाठवायला गाडी नव्हती. आज उपकेंद्रात असते ती एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका. नोंदणी, तपासणी, लसीकरण आणि साधी बाळंतपणं हे तिचं काम. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे प्रसूती विभागात स्टाफ नर्स असतात. आशाताई बाळंतपण करत नाही, पण घरापासून दवाखान्यापर्यंतचा दुवा तीच.

याच्या वरची पायरी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. केंद्र सरकारने २०१८ च्या शेवटी मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार आधीच नर्स असलेल्या बाईला आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं आणि धोका नसलेली बाळंतपणं ती स्वतःच्या जबाबदारीवर करू शकते. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने त्याआधीच, २०११ पासून, अशा मिडवाइफ घडवायला सुरुवात केली होती. शहरांत हल्ली डौलाही भेटतात. डौला धीर देते, कंबर चोळते, श्वास घ्यायला शिकवते, पण ती तपासणी किंवा बाळंतपण करत नाही. कोणी ‘मी मिडवाइफ आहे’ म्हणून पैसे घेत असेल तर दोन गोष्टी विचारा: नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि अडचण आली तर कोणत्या डॉक्टरकडे, किती मिनिटांत नेणार? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर तिथून उठायचं.

एकाच मिडवाइफने किंवा तिच्या छोट्या गटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळलं तर काय फरक पडतो, याचा अभ्यास झालेला आहे. वैद्यकीय चाचण्यांची माहिती एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली १५ चाचण्या, म्हणजे १७ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र पाहिली. अशा बायकांमध्ये काप (बाळ येताना योनीमार्गाचं तोंड मोठं करायला दिलेला छेद) द्यावा लागणं आणि बाळ काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावं लागणं कमी होतं, दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही कमी होती. या चाचण्या चांगली आरोग्यव्यवस्था असलेल्या श्रीमंत देशांतल्या आहेत, हे लक्षात ठेवायचं. तरी आपल्यासाठी त्यात अर्थ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली दिसली, सरकारीत १४.३ टक्के. सीझर जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. पण एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीतल्या फरकामुळे पडेल, असं मला वाटत नाही.

पहिले तीन महिने: नाव घाला

पाळी चुकली, तपासणीत दिवस गेल्याचं कळलं, की १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही रीत नातेवाइकांपुरती ठेवा, आरोग्यसेविकेला त्यातून वगळा. खासगी डॉक्टरकडे जायचं ठरलं असेल तरी उपकेंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात नाव घालून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं. वेळ आली तर सरकारी दवाखान्यात हेच कार्ड दाखवावं लागतं.

पहिल्या भेटीत शेवटच्या पाळीची तारीख, वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि काविळीची (हिपॅटायटिस बी) तपासणी व्हायला हवी. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासतात. गरज असेल तर २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं, तेव्हा ते कुठे मिळणार हे आधीच विचारून ठेवा.

आधीची बाळंतपणं, गर्भपात, सीझर, फिट्स, हृदयाचा त्रास, घरातला मधुमेह यातलं काहीही लपवू नका. आधीचा गर्भपात सासरी माहीत नसेल तर ‘मला एकटीशी बोलायचंय’ म्हणा. चांगली सिस्टर सोबतच्यांना बाहेर बसवेल.

पुढच्या भेटी आणि पोटावरचा हात

आपल्या सरकारी पद्धतीत किमान चार भेटी आहेत: १२ आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. जमेल तेवढ्या जास्त करा, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून तपासणी होते तिचा फायदा घ्या. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी, कॅल्शियमच्या दोन गोळ्या, एकदा जंताची गोळी, धनुर्वात-घटसर्पाची (टीडी) इंजेक्शनं हे सगळं फुकट मिळतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्याने घाबरून गोळ्या बंद करू नका.

मिडवाइफरीचा खरा कस पोट तपासताना दिसतो, म्हणून ही तपासणी कशी होते ते माहीत असू द्या. आधी लघवी करून यायला सांगतात. उताणं झोपवून गुडघे थोडे वाकवतात, म्हणजे पोट सैल पडतं. हात गार असतील तर सिस्टर ते चोळून गरम करते. मग दोन्ही तळव्यांनी गर्भाशयाचा वरचा भाग चाचपते. तिथे मऊ, बेढब लागलं तर बाळाचा पार्श्वभाग वर आहे. नारळासारखं टणक, गोल आणि ढकललं की डुलणारं लागलं तर डोकं वर आहे, म्हणजे बाळ पायाळू आहे. नंतर दोन्ही कुशी पाहते. एका बाजूला सलग कडक पाठ लागते, दुसऱ्या बाजूला हातापायांचे उंचवटे. मग ओटीपोटाशी डोकं हलतंय की खाली बसलंय ते पाहते. पाठ जिकडे, तिकडे ठोके स्पष्ट ऐकू येतात. मिनिटाला ११० ते १६० असले की ठीक. टेपने पोटाची उंची मोजली तर २४ आठवड्यांनंतर सेंटिमीटरचा आकडा साधारण आठवड्यांच्या आकड्याजवळ येतो. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागतात आणि त्यात वजन न वाढणारं, आडवं किंवा पायाळू बाळ लक्षात येऊ शकतं. सोनोग्राफी झाली म्हणून ही तपासणी टळत असेल तर ‘सिस्टर, पोट तपासाल का?’ असं स्पष्ट म्हणा. आणि हात ठेवलाच आहे तर ‘पाठ कुठे लागली, मलाही दाखवा ना’ म्हणा. स्वतःच्या पोटात बाळ कसं बसलंय हे कळणं हा तुमचा हक्कच आहे.

२८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालीची रोजची तऱ्हा ओळखायला शिका. हालचाल नेहमीपेक्षा मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

सातवा-आठवा महिना: कुठे, कोण आणि कसं

डोहाळजेवणाच्या गडबडीत हे राहून जातं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल तर माहेरच्या दवाखान्यात निदान ३२ ते ३४ आठवड्यांत एकदा जाऊन या. नवव्या महिन्यात फाइल घेऊन अनोळखी ठिकाणी दाखल होणाऱ्या मुलीला कोणी ओळखत नसतं.

आधी हे ठरवा की तुमचं बाळंतपण मिडवाइफच्या हाती सोपवण्यासारखं आहे का. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर, मधुमेह, हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, आधीचं सीझर, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, हृदयाचा आजार यातलं काही असेल तर जिथे शस्त्रक्रिया, रक्त आणि बाळाचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच जायचं. तिथेही मिडवाइफची सोबत मिळते, निर्णय मात्र डॉक्टरांचे असतात.

मग दवाखान्यात जाऊन विचारा: कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? मला चालता-फिरता येईल का, पाणी-पेज घेता येईल का? सगळ्यांनाच काप देता की गरज असेल तरच? बाळ लगेच माझ्या अंगावर ठेवाल ना? रात्री सीझर लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? प्रश्न विचारल्याने कोणी चिडेल ही भीती मी बायकांच्या चेहऱ्यावर पाहते. पण हेच प्रश्न कळा सुरू असताना विचारायची वेळ आली तर फार उशीर झालेला असतो. सोबतीण कोण असावी, हेही आत्ताच ठरवा. सरकारी प्रसूतिगृहात सोबतीला जवळची बाई ठेवायला केंद्राने २०१६ पासून परवानगी दिली आहे, आणि आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. जिच्यामुळे तुम्हाला हायसं वाटतं तीच निवडा, मग ती मानाने कितव्या नंबरची नातेवाईक आहे ते पाहू नका.

३४ आठवड्यांनंतर योनीमार्गाच्या खालच्या भागाची हलक्या हाताने तेलाने मालिश केल्यास पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता कमी होते. कशी करायची ते सिस्टरकडून शिकून घ्या.

नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटासारख्या भागात वस्ती दूर असेल तर आरोग्य केंद्रातलं माहेरघर विचारा. तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहता येतं, सोबत एखादी नातेवाईक आणि लहान मूलही चालतं. पावसाळ्यात नाला भरला की रुग्णवाहिकाही अडकते, अशा गावांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

कळा सुरू झाल्या

खोट्या कळा फिरल्यावर किंवा झोपल्यावर विरतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, नियमाने येतात, जवळजवळ येत जातात आणि वाढतात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल किंवा दवाखाना दूर असेल तर खूप आधीच. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघा, पाण्याचा रंग पाहून ठेवा. हिरवट-काळपट असेल तर पोहोचल्याबरोबर तेच पहिलं सांगा. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

पोहोचल्यावरचे तास

गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ फार लांबू शकतो आणि तो बिघाड नसतो. पूर्वी तासाला एक सेंटिमीटर हा नियम मानत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की प्रत्येक बाईला हा वेग लागू होत नाही. पाचपासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला १२ तास लागू शकतात, नंतरच्या बाळंतपणात १० तास. तेव्हा ‘अजून तीनच उघडलंय’ ऐकून घरच्यांनी लगेच ‘सीझर करून टाका’ म्हणू नये.

या तासांत चांगली मिडवाइफ काय करते? दर १५ ते ३० मिनिटांनी ठोके ऐकते, दर चार तासांनी आतली तपासणी करते आणि उगाच जास्त वेळा करत नाही. नाडी, रक्तदाब, लघवी झाली का, हे पाहून कागदावर आलेख चढवत जाते. सगळं ठीक असेल तर ती फारसं काही करत नाही. हे न करणंच शिकायला तिला वर्षं लागलेली असतात. सरसकट खालचे केस काढणं, एनिमा, कळा वाढवायची सलाइन, ‘उपाशी राहा’ हा हुकूम, यातलं काहीही प्रत्येकीला लागत नाही.

कळ येताना तिच्या बोलण्याकडे लक्ष द्या. कळ चढायला लागली की ती म्हणते, ‘खांदे सोड, जबडा सैल, आता तोंडाने हळू श्वास बाहेर.’ सोबतीणीला तळवा माकडहाडाच्या वर ठेवून जोर द्यायला सांगते, कारण बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की सगळी कळ कंबरेत उतरते. कळ ओसरली की एक घोट पाणी, आणि मग जागा बदल: कधी खाटेला धरून उभं राहून कंबर गोल फिरवणं, कधी गुडघ्या-तळव्यांवर ओणवं, कधी डाव्या कुशीवर दोन उशा घेऊन. ओणवं झालं की बाळाचं वजन कण्यावरून पुढे पोटाकडे जातं, आणि डोकं फिरायला जागा मिळते. उताणं पडून राहिलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, आईला गरगरतं, बाळाचे ठोकेही उतरू शकतात. म्हणून ‘मला उठू द्या’ असं म्हणणाऱ्या बाईला गप्प झोपवू नये.

ओरडावंसं वाटलं तर ओरडा. कळांमध्ये शिवीगाळ करणं, थोबाडीत मारणं, पोटावर चढून दाबणं या गोष्टी उपचारात मोडत नाहीत. तिथे कोणीही असलं तरी सोबतीणीने ‘असं करू नका’ म्हणायचं, आणि नंतर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची. आणखी एक: बाळ बाहेर यायच्या आधी, घरी किंवा कुठल्या छोट्या दवाखान्यात, ‘कळा वाढवायचं’ (ऑक्सिटोसिनचं) इंजेक्शन दंडात किंवा मांडीत घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकतं आणि बाळ गुदमरू शकतं.

तोंड पूर्ण उघडलं की जोर आपोआप येतो. तो आतून येईल तेव्हाच करायचा. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत लागू शकतात. डोकं दिसायला लागलं की मिडवाइफ कोमट पाण्यात भिजवलेली घडी खाली धरते, हाताने आधार देते आणि ‘आता जोर नको, फुंकर मार’ म्हणते. डोकं सावकाश आलं की कातडी ताणायला वेळ मिळतो आणि खोल फाटणं टळतं. काप प्रत्येकीला लागत नाही.

पहिला तास

बाळ आलं, रडलं, की कोरडं पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, वरून कापड. नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात उतरतं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह जमा होतं. आईला मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनची १० युनिट्स देतात. आधी धोक्याचं असलेलं हेच औषध आता जीव वाचवतं, कारण वार सुटून गर्भाशय आवळलं नाही तर रक्त वाहत राहतं. वार पूर्ण आली का ते सिस्टर उलटसुलट करून पाहते. नंतर दर पंधरा मिनिटांनी पोट दाबून गर्भाशय कडक आहे ना बघते. दुखतं, पण ते करू द्या.

चीक तासाच्या आत पाजायचा. मध, साखरपाणी, गुटी, काहीही चाटवायचं नाही. बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीची लस मिळते. आंघोळ निदान २४ तास नको.

निदान ४८ तास तरी दवाखान्यात राहा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर याची आठवण करून द्या.

घरी, सव्वा महिना

आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. आली नाही तर निरोप पाठवा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी नको, बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीत भरतो. अळीव, डिंकाचे लाडू, मेथी खुशाल द्या, पण डाळ, अंडी, भाज्या, फळं आणि भरपूर पाणीही हवं. ‘पाणी पिऊ नको, पोट सुटेल’ हे ऐकू नका. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही.

तासाभरात पॅड किंवा कपड्याची घडी पूर्ण भिजली, ताप आला, घाण वास आला, एक पोटरी सुजून दुखली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास लागला, झटके आले तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा. बाळ दूध ओढत नसेल, गार पडलं असेल, सुस्त असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसत असेल तरी तसंच.

पहिले काही दिवस रडू येणं बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, जीव नकोसा झाला तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आरोग्यसेविकेला सांगा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला.

परदेशात असाल तर मार्ग वेगळा आहे. ब्रिटनमध्ये स्थानिक रुग्णालयाच्या मिडवाइफ सेवेकडे थेट नाव नोंदवता येतं. पहिली सविस्तर भेट १० आठवड्यांच्या आत व्हावी असा तिथला दंडक आहे, आणि बाळंतपणानंतर मिडवाइफ घरी येते. मदतीला तुमची आई भारतातून यायच्या आधी हे करून घ्या.

दवाखान्यातून निघताना सोडपत्रावर चार गोष्टी लिहून घ्या: बाळंतपण किती वाजता आणि कसं झालं, रक्त किती गेलं, टाके कुठपर्यंत पडले आणि सीझर झालं असेल तर नेमकं कशासाठी. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला तो कागद बरोबर न्या, पाळणा लांबवायच्या साधनांबद्दल त्याच दिवशी विचारा. पुढच्या वेळी नॉर्मल बाळंतपण शक्य आहे का, हे ठरवताना डॉक्टर सगळ्यात आधी तोच कागद मागतील.